कोळशातले गोळे आणि आपल्या खाजणाचा वास

रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभा संपला की कधीकधी निळसर चिकणमाती लागते आणि त्यात काळं पडलेलं लाकूड, पानांचे थर असं काय काय निघतं. हे लिग्नाइट, कच्चा कोळसा. त्यात पितळेसारखे चमकणारे पायराईटचे गोळे पण असतात, पायराईट म्हणजे लोखंड आणि गंधक, लोकांना सोनं वाटतं!

मला सगळ्यात भारी हे वाटतं की असा गोळा बाहेरून येऊन कोळशात अडकलेला नसतो, तो तिथेच वाढलेला असतो. पालापाचोळा चिखलात गाडला गेला, हवा बंद झाली की खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगणारे बॅक्टेरिया कामाला लागतात, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, आणि तो गॅस चिखलातल्या लोखंडाला भिडला की हळूहळू पायराईट तयार होतं. ओहोटीला खाजणात पाय रुतला की सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो हाच गॅस. म्हणजे पहिली पायरी आपल्या कांदळवनात आजही चालू आहे.

दुसरा प्रकार चुन्याच्या दगडाचा, कोल बॉल. हे आपल्याकडचे नाहीत, इंग्लंडात लँकेशायर-यॉर्कशायर, अमेरिकेत इलिनॉय वगैरे, साधारण 30 कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशातले. 1855 मध्ये हूकर आणि बिनी या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर लिहिलं. खरं कोडं असं की दलदलीतला पालापाचोळा आंबट, आम्लात चुना विरघळतो, मग तो साचला कसा? 1908 मध्ये मेरी स्टोप्स आणि वॉटसन यांनी मांडलं की समुद्राचं पाणी आत शिरलं, कारण अशा थरांच्या वरच्या दगडात समुद्री शिंपले सापडतात. पण सगळ्या ठिकाणी ते जुळत नाही, काही ठिकाणी गोड्या पाण्यातून चुना आला असावा असं म्हणतात, वाद अजून मिटलेला नाही.

एक मात्र नक्की, चुना लवकर भरला, वरच्या मातीच्या वजनाने सगळं चेपायच्या आधी. म्हणून आजूबाजूचा कोळसा सपाट आणि गोळ्यात मुळं, खोडं, बिया पेशींसकट जशाच्या तशा! गोळा कापून घासतात, पातळ आम्लात बुडवतात, अ‍ॅसिटोन ओतून वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवतात आणि सुकली की सोलून मायक्रोस्कोपखाली बघतात.

तुमच्या विहिरीत पायराईट निघालं तर किती खोलीवर मिळालं ते आधी लिहून ठेवा, आणि तुकडा कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा, कारण आपल्या पावसाळी हवेत ते ऑक्सिजन घेऊन आम्ल सोडतं आणि पांढरट भुकटी होऊन फुटतं, खालचा पुठ्ठासुद्धा खातं.