भारतात जाण्यापूर्वी मिनेसोटातले घर बंद करताना

सांगलीला आमच्या घरी गावाला निघण्यापूर्वी आई तीन गोष्टी करत असे: गॅसचा रेग्युलेटर बंद, विजेचा मेन स्विच बंद आणि दाराला कुलूप. मिनियापोलिसजवळ घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात चार आठवड्यांसाठी भारतात जायचे ठरले, तेव्हा माझ्या डोक्यात तीच यादी होती. सुदैवाने मेन स्विचला हात लावण्याआधी मला कळले, की इथल्या हिवाळ्यात तो बंद करणे म्हणजे घराचे वाटोळे करून घेणे होय. फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा पुरवणारी भट्टी, गॅसवर चालत असली, तरी तिची ठिणगी, तिचा पंखा आणि तिची सारी सुरक्षा-व्यवस्था विजेवर चालते. फर्नेस थांबली की घर गोठू लागते आणि भिंतीतल्या पाईपमधले पाणीही गोठते. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बर्फाचा गोळा व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब पाईप फोडतो. खरे नुकसान मात्र त्यानंतर, बर्फ वितळल्यावर होते, कारण फुटलेल्या पाईपमधून पाणी वाहत राहते आणि ते बंद करायला घरात कोणीच नसते.

एवढे समजूनही त्या वर्षी आमची चूक झालीच. आम्ही थर्मोस्टॅट, म्हणजे घरातले तापमान ठरवून फर्नेस चालू-बंद करणारे भिंतीवरचे उपकरण, ५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १० सेल्सिअसवर ठेवला, पत्रपेटी रिकामी करण्यासाठी शेजारच्या आजोबांकडे किल्ली दिली आणि विमानतळ गाठला. नवव्या दिवशी सांगलीत असताना त्यांचा फोन आला. इथे कडाक्याच्या थंडीत प्रत्येक घराच्या बाजूने फर्नेसच्या धुराड्याची पांढरी वाफ निघताना दिसते. आमच्या घराची वाफ सकाळपासून दिसलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. आमच्या फर्नेसला उंच चिमणी नाही. भिंतीतून बाहेर आलेले दोन प्लास्टिकचे पाईप आहेत, त्यांतला एक हवा आत घेतो आणि दुसरा धूर बाहेर सोडतो. जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असलेले हे पाईप रात्रीच्या वादळात वाऱ्याने साठवलेल्या बर्फाखाली गाडले गेले होते. हवा मिळेना, म्हणून फर्नेसने पेटण्याचा काही वेळा प्रयत्न करून स्वतःला बंद करून घेतले होते, आणि तिने तसेच करायला हवे. आजोबांनी फावड्याने बर्फ काढला, फर्नेसच्या बाजूचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला आणि ती पेटली. तोपर्यंत घरातले तापमान ४१ अंशांवर उतरले होते. पाईप फुटले नाहीत ते केवळ एका सजग शेजाऱ्यामुळे, हे ऋण मी आजही मानते.

म्हणून यंदा निघण्याच्या सहा आठवडे आधीच, ऑक्टोबरअखेरीस, मी हीटिंगच्या तंत्रज्ञाला बोलावले. ते काम करत असताना मी शेजारी उभी राहून सगळे पाहिले, आणि तसे पाहावे असे मी प्रत्येकाला सांगेन. ज्वाला पेटली आहे की नाही हे ओळखणारी पेन्सिलीएवढी एक बारीक धातूची कांडी असते. तिच्यावर राखाडी थर साचला की पेटलेली ज्वालाही तिला जाणवत नाही, आणि काही सेकंदांत फर्नेस गॅस बंद करते. तंत्रज्ञाने ती कांडी काढून बारीक तारेच्या काथ्याने चमकेपर्यंत घासली. त्यानंतर त्यांनी धुरातली वाफ थंड होऊन जमणारे पाणी वाहून नेणारी नळी धुतली. ही नळी तुंबली तरी फर्नेस थांबते. माझ्या विनंतीवरून त्यांनी बाहेरचे दोन्ही पाईप कोपराचे जोड लावून सुमारे तीन फूट उंचीवर नेले. माझ्या मते यंदाच्या तयारीतला सर्वांत मोलाचा खर्च हाच होता.

तापमान किती ठेवावे, या प्रश्नावर इथे सर्वसाधारणपणे ५५ अंश, म्हणजे १३ सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असे सांगतात. गोठणबिंदू ३२ असताना ५५ कशाला, हे मला कळत नव्हते, म्हणून मी घरीच एक परीक्षा घेतली. बाहेर ३ अंश फॅरनहाइट तापमान असलेल्या एका रात्री मी थर्मोस्टॅट ५५ वर ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून, एक साधा तापमापक ठेवला. सकाळी दिवाणखान्यात बरोबर ५५ होते, पण कपाटात ४६. पुढच्या रात्री कपाटाची दारे उघडी ठेवली, तेव्हा तिथे ५१ दिसले. थर्मोस्टॅट घराच्या मधोमध, सर्वांत उबदार जागी असतो. पाईप मात्र सर्वांत थंड भिंतीत असतात. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनियापोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत गेला होता. तशा रात्री हा फरक किती वाढेल याचा विचार करून मी ५५ हाच आकडा कायम केला आणि सिंकखालची सगळी दारे उघडी ठेवायचे ठरवले.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. आमच्या थर्मोस्टॅटवर नुसते तापमान बदलले, तर तो बदल वेळापत्रकातल्या पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो आणि मग रिकाम्या घरात संध्याकाळी पुन्हा ६८ अंशांची ऊब सुरू होते. त्यासाठी कायमचा ‘होल्ड’ निवडावा लागतो. त्याच्या दोन पेन्सिल सेलही बदलले, कारण सेल संपले की आमचा थर्मोस्टॅट फर्नेसला हाक मारणेच थांबवतो. एक इंच जाडीचा हवेचा नवा फिल्टर त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने ठेवून बसवला आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर तपासला. बाहेरच्या एसीचा ब्रेकर हिवाळ्यासाठी बंद केला. ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांनी मात्र तो मुळीच बंद करू नये, कारण त्यांची ऊब त्याच बाहेरच्या यंत्रातून येते. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनीही एसी पूर्ण बंद न करता ८० ते ८५ अंशांवर ठेवलेला बरा, नाहीतर दमट हवेने तळघराला बुरशी लागते.

पाण्याचे काम मी शेवटच्या सकाळी केले. तळघरातल्या मुख्य व्हॉल्व्हचा दांडा पाईपला आडवा केला, मग वरच्या मजल्यावरचे नळ उघडले आणि तळघरातल्या सर्वांत खालच्या नळातून पाईपमधले पाणी निथळू दिले. फ्लशच्या टाक्या रिकाम्या केल्या, फर्नेसला जोडलेला, हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर बंद केला आणि गॅसच्या गीझरची खुंटी ‘व्हेकेशन’वर आणली. गरम पाणी फिरवून घर तापवणारा बॉयलर असलेल्या घरांत पाणी बंद करण्यापूर्वी तंत्रज्ञाला विचारणे आवश्यक आहे, कारण तिथे तेच पाणी उष्णता वाहून नेते. विमा पॉलिसीही वाचली. घर रिकामे असताना ऊब चालू ठेवावी किंवा पाणी बंद करावे, अशी अट आमच्या पॉलिसीत आहे. आम्ही दोन्ही केले.

५५ अंशांत तुळस तगली नसती, म्हणून ती कुंडीसह एका मैत्रिणीकडे पोचवली. आजोबांना यंदा नुसती किल्ली न देता एका कागदावर फर्नेसच्या स्विचची जागा, मुख्य व्हॉल्व्हची जागा आणि तंत्रज्ञाचा नंबर लिहून दिला. दर तीन दिवसांनी, आणि प्रत्येक वादळानंतर, एक फेरी मारून सिंकखालचा तापमापक पाहावा, अशी विनंती केली.

जानेवारीत आम्ही रात्री उशिरा परतलो तेव्हा घराबाहेरची पांढरी वाफ मला वळणावरूनच दिसली. घर ६८ अंशांवर यायला तीन तास लागले, आणि मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडल्यावर नळांनी थोडा वेळ हवा फेकून मग सरळ धार धरली. सिंकजवळच्या ओट्यावर आमचा कागद होता. त्याच्या मागे आजोबांनी प्रत्येक फेरीची तारीख आणि तापमान थरथरत्या, पण स्पष्ट अक्षरात लिहिले होते. नऊ नोंदी होत्या आणि त्यांतली सर्वांत खालची ४८ होती.