चेसी शोधायला निघालो आणि अख्खी नवी मुंबई फिरून आलो

गेल्या पावसाळ्यात बाबांची ओम्नी मेली. इंजिन एकदम टकाटक होतं, पण खालचा पत्रा इतका सडला की ड्रायव्हर सीटजवळून खालचा रस्ता दिसायचा. भंगारात द्यायच्या आधी मी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून घेतला आणि घरी जाहीर करून टाकलं की मुरबाडच्या शेतावर पोती न्यायला ह्यातून एक छोटी उघडी गाडी बनवणार. आई म्हणाली, "आधी बेडरूमचा पंखा कर, तीन महिने झाले."

पंखा अजून तसाच आहे, पण तो विषय नाही.

ओम्नीला वेगळी चेसी, म्हणजे ज्यावर अख्खी गाडी बसते तो खालचा लोखंडी सांगाडा, नसतेच, बॉडी हीच चेसी, त्यामुळे बॉडी गेली की संपलं. आपल्या जुन्या पद्मिनीचं आणि अँबॅसेडरचंही तसंच. पण ओम्नीचं इंजिन माझ्या कामाचं, कारण मारुती 800 चं पण तेच 796 सीसी, फक्त तिथे ते आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं फिरवणारं, आणि ओम्नीत ते सीटखाली उभं म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि इंजिनाची ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, मागच्या चाकांना. मग ह्याला शिडीसारखी चेसी पाहिजे, दोन लांब दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या. जिप्सी, जीप, सुमो ह्यांची असते तशी. त्यातही सुमोची फार जड, इंजिनात ताकद किती तर पस्तीस-सदतीस घोडे, चेसीच ओढत बसलं तर पोती कोण ओढणार.

एक आधीच सांगतो, ही गाडी रोडवर आणायची नाहीये. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. तेव्हा आमची गाडी शेताच्या बांधाच्या आतच राहणार.

तर ऑक्टोबरमधला रविवार, डोक्यावर ऊन, सोबत मामा. मामा म्हणजे जुना आयटीआय फिटर, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेला. मला वाटलं मामा भाव करायला कामाला येईल. तो ठाण्याच्या कोपरीतून पिशवी घेऊन आला, पिशवीत टेप, हातोडी, खडू, ओळंबा, दोऱ्याचं रीळ आणि फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक. मी विचारलं, "मामा, घर बांधायचंय का आपल्याला?" तो म्हणाला, "तू फक्त गाडी चालव."

मामलेदार मिसळ खाऊन (तिखट घेतली, चूक झाली) कळवा, रेतीबंदर, मुंब्रा बायपास. एका बाजूला डोंगर, खाली खाडी आणि रूळ, आणि मध्ये आमची अ‍ॅक्टिव्हा दोन कंटेनरच्या मध्ये चिंचोक्यासारखी.

शीळ-डायघरकडे पहिलं यार्ड. गेटसमोरच जिप्सीची चेसी उभी करून ठेवलेली, काळीकुळकुळीत, अशी चकाचक की मी मनात पैसे देऊनही टाकले होते. मामाने हातोडीने हळूहळू ठोकत सुरुवात केली. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाच्या वरती जिथे चेसी कमानीसारखी वर जाते तिथे थड. परत मारलं, थड. जिप्सीच्या चेसीचे दांडे बंद पेटीसारखे असतात, आत चिखल आणि पाणी गेलं की बाहेर पडायला वाट नाही, मग गंज आतून खातो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. मग चुंबक फिरवलं, एका जागी ते चिकटेचना, सरळ घसरून खाली. तिथे लोखंडच नाही, भोकात पुट्टी भरलेली! यार्डवाला धावत आला, "चाचा, हातोडी मत मारो, कलर जाएगा." मामा म्हणाला, "कलर गेलेलाच बघायचाय मला."

तिथून शीळ-महापे रस्त्याने घाट चढून तुर्भे. इथे जीपची चेसी मिळाली, आणि मला तर जीपचीच हौस, लहानपणी गावाला तिच्या मागच्या फळकुटावर बसून गेलोय. जीपच्या चेसीचा बराचसा भाग उघड्या चॅनेलचा, त्यामुळे आत-बाहेर सगळं दिसतं, लपवाछपवी होत नाही. ठोकून झालं, चांगली निघाली. पण जिथे चेसी नंबर ठोकलेला असतो तिथे ग्राइंडरची ताजी चमक. कागद मागितले तर म्हणे, "पेपर नंतर बघू." मामाने पिशवीची चेन लावली आणि चालायला लागला. चोरीच्या गाडीचे नंबर असेच उडवतात, आपण घेतली आणि उद्या पोलीस दारात आले तर मुरबाडचं शेत दाखवून उपयोग नाही.

दोन ठिकाणी तोंड पाडून घेतल्यावर मला सुचलं की नवीनच बनवू ना, कळंबोलीला लोखंड बाजार आहेच! सायन-पनवेल हायवेने कळंबोली गाठली. रविवार असल्यामुळे बरीच दुकानं बंद, एक अर्धं शटर उघडं होतं. मी चौकोनी पाइप विचारले, शंभर बाय पन्नास, तीन मिलीमीटर. दुकानदाराने भाव सांगितला, मग विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, आणि तो माणूस स्वतःचा माल विकायचा सोडून मला समजवायला लागला. वेल्डिंग कोण करणार? मी. जिग आहे, म्हणजे वेल्ड मारताना पाइप जागच्या जागी घट्ट धरणारा साचा? नाही. मग ती केळ्यासारखी होणार. एका बाजूला वेल्ड मारलं की लोखंड थंड होताना त्या बाजूला ओढलं जातं, दहा जोड मारले की प्रत्येक थोडा थोडा ओढतो, आणि चार चाकं चार दिशांना बघायला लागतात. वर स्टिअरिंग बॉक्स कुठे, कमान पाट्याचे कान, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या जिथे अडकवतात ते, कुठे, हे सगळं कंपनीने मोजून बसवलेलं असतं, ते तुम्ही घरी अंदाजाने बसवणार का? मामा मागे उभा राहून नुसता मान डोलवत होता. पाच मिनिटांत त्या माणसाने माझे पैसे वाचवले, म्हणून निदान त्याच्याकडून वेल्डिंग रॉडचं एक पाकीट घेतलं.

जेवण ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर, डाळ फ्राय बरी होती. दोन वाजून गेलेले, मी घरी जायच्या मूडमध्ये. परत येताना तळोज्यावरून शीळकडे निघालो, तर दहिसर मोरीच्या अलीकडे मामाने खांद्यावर थाप मारली. रस्त्याच्या आत चिंचेखाली एक चेसी आडवी पडलेली आणि तिला शेळी बांधलेली.

मालक आगरी काका, बनियनवर, बाजेवर बसलेले. "कनाला पायजे?" मी सगळी कथा सांगितली. "बगून घ्या, शेली जरा बाजूला करा." जिप्सीचीच, मागचा एक्सल आणि पाटे सकट, रंग नावाची गोष्ट नाही, सगळीकडे तपकिरी. पण ठोकत गेलो तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टण. वरवरचा गंज, आत सुकं. नंबर स्वच्छ वाचता येत होता, आणि काकांनी घरातून प्लास्टिकच्या पिशवीत नोंदणी रद्द केल्याचे कागद आणले, नंबर जुळला.

मग मामाची पिशवी उघडली. चेसी चार विटांवर सारखी टेकवली, पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या बोल्टातून ओळंबा सोडला, जिथे टोक टेकलं तिथे जमिनीवर खडूची फुली. चार फुल्या. मग चेसी ढकलून बाजूला केली आणि फुल्यांमध्ये तिरका दोरा ताणला, डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंत, आणि मग उलटा. चेसी सरळ असेल तर दोन्ही तिरके दोरे सारखे, अपघातात मुरगळली असेल तर एक लांब एक आखूड. पहिल्यांदा मोजलं तर अकरा मिलीमीटरचा फरक. माझा चेहरा पडला. मामा म्हणाला, "दोरा ढिला धरलास तू." परत धरला, चार. तिसऱ्यांदा, चार. "चालेल. शेतात जायचंय, विमान नाही बनवत."

एका पाट्याच्या कानाजवळ बारीक तडा होता. तड्याच्या टोकाला भोक पाडून मग वेल्ड भरायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 1840 मिलीमीटर आणि जिप्सीचं 2375, म्हणजे शाफ्ट नवीन करून बॅलन्स करून घ्यावा लागणार, तो खर्च वेगळाच.

काकांनी तीस सांगितले, मामा पंधरावर अडला, बावीसवर तुटलं. शेळीकडे बघत काका म्हणाले, "हिला आता कनाला बांदू?"

पिकअप बोलावली, चेसी मागून हातभर बाहेर, तिला लाल फडकं. शीळला सकाळच्या यार्डासमोरून गेलो, ती काळी चेसी अजून उभीच होती.

रात्री ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मामाच्या मित्राच्या गाळ्यात उतरवली तेव्हा दिसलं, मधल्या पट्टीला शेळीचं दावं तसंच बांधलेलं. मी सोडायला गेलो तर मामा म्हणाला, "राहू दे, पहिल्या दिवशी गाडी ओढत न्यायला लागेलच."