अम्मीचे सात चिंचोके

मक्केत चौथी फेरी सफा टेकडीवर संपली आणि अम्मी खांबाला टेकून खाली बसली. बटवा उघडला, एका कप्प्यातला चिंचोका काढून दुसऱ्या कप्प्यात टाकला. "चार झाले ना गं?" मी म्हटलं, झाले. तिचे घोटे सुजून चकचकत होते. रात्रीचे अडीच वाजले होते आणि अजून तीन फेऱ्या बाकी होत्या.

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघण्याआधीच मी तिला व्हीलचेअरचं सांगून ठेवलं होतं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, रत्नागिरीत आमच्या घराची घाटी चढताना दोनदा थांबते. त्यात आमच्या टूरवाल्यानं 'हरमपासून पाच मिनिटं', म्हणजे काब्याभोवतीच्या मोठ्या मशिदीपासून, म्हणून दिलेलं हॉटेल तिच्या चालीनं पंचवीस मिनिटांवर निघालं. तरुण माणसाची पाच मिनिटं आणि म्हातारीची पाच मिनिटं वेगळी असतात, हे वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना कळत नसेल? मला त्याचा अजून राग आहे. पैसे भरण्याआधी अंतर मीटरमध्ये विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि त्याची किंमत तिच्या पायांनी मोजली.

आधी तवाफ, म्हणजे काब्याची प्रदक्षिणा. ती तिनं माझा दंड धरून केली. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे, प्रत्येक फेरा हजरे अस्वदच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, कोपऱ्यापासून. गर्दीचा त्रास झाला नाही, कारण गर्दी तिथं पाण्यासारखी वाहते. त्रास झाला तो मध्येच थांबून, काब्याकडे पाठ करून स्वतःचे व्हिडिओ काढणाऱ्यांचा. ते थांबले की मागच्यांचा लोंढा अम्मीच्या अंगावर यायचा.

मग सई. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचं, सफापासून सुरू करून मरवाला संपवायचं. एक फेरी चारशे-साडेचारशे मीटरची, सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आसपास. टेकड्या आता नावापुरत्या, थोडा मूळ खडक तेवढा राखलेला. बाकी मजल्यांवर मजले, थंडगार एसी आणि पायाखाली संगमरवर. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा चक्क बाजाराचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून सई करणारी माणसं.

या फेऱ्यांमागची गोष्ट अशी. हजरत इब्राहिम पैगंबरांनी पत्नी बीबी हाजरा आणि तान्हा मुलगा इस्माईल यांना या ओसाड खोऱ्यात सोडलं. मशकीतलं पाणी संपलं, बाळ तडफडायला लागलं, तेव्हा ती माणूस किंवा पाणी दिसतं का ते बघायला सफावर चढली, मग मरवावर. असं सात वेळा. मधल्या खळग्यात उतरलं की बाळ दिसेनासं व्हायचं, म्हणून तेवढ्या टप्प्यात ती धावली. शेवटी पाणी फुटलं ते बाळापाशी, तेच जमजम. इस्लामच्या आधी या दोन टेकड्यांवर इसाफ आणि नाईला यांच्या मूर्ती होत्या, त्यामुळे सुरुवातीच्या मुसलमानांना इथं फेऱ्या घालायला संकोच वाटायचा. सफा आणि मरवा अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहेत, तिथं फेऱ्या घालण्यात गुन्हा नाही, ही कुराणातली आयत त्यावरच आली.

त्या खळग्याच्या जागी आता हिरवे दिवे आहेत. तिथं पुरुषांनी धावायचं, बायकांनी नेहमीच्या चालीनं चालायचं. पहिल्या फेरीत दिव्यांखाली पोचलो आणि आजूबाजूचे सगळे पुरुष धावायला लागले. इहरामाच्या पांढऱ्या वस्त्रांतले म्हातारे, पोरगेले, कडेवर मूल घेतलेले. एका घाबऱ्याघुबऱ्या आईची धाव जगभरचे पुरुष शतकानुशतकं धावताहेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. डोळ्यांनी बघितलं तेव्हा मला रडू आवरेना.

चौथ्या फेरीनंतर बसलेल्या अम्मीपुढं मी पुन्हा खुर्चीचा विषय काढला. ती म्हणाली, "हाजरा बीबी काय खुर्चीत बसून धावली?" मी म्हटलं, अम्मी, खुर्चीतून केलेली सईसुद्धा कबूल होते, तुझ्यासारख्यांसाठीच सवलत आहे. "म्हायत हाय मला," एवढंच बोलली. गुडघ्याला चोळायचं मलम तिनं मुद्दाम घरी ठेवायला लावलं होतं, कारण इहराममध्ये, म्हणजे यात्रेचा नेम चालू असताना, सुगंध चालत नाही आणि त्याला वास होता.

तेवढ्यात शेजारी टेकलेली एक बाई सरकत जवळ आली. बहुतेक इंडोनेशियाची. काही न विचारता तिनं अम्मीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरीपासून खाली, अंगठ्यानं दाबत दाबत, घोट्यापर्यंत आली. मग दुसरा पाय. मी पिंपातून जमजम आणलं, थंड नसलेलं, कारण थंडानं अम्मीचा घसा धरतो. दोघींनी एकाच पेल्यातून घेतलं. दहा मिनिटं एक शब्द नाही. उठताना अम्मीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बाई आधी दचकली, मग हसून अम्मीचा हात डोळ्यांना लावला.

उरलेल्या तीन फेऱ्यांना दीड तास लागला.

चिंचोके नानीचे. नानी हजला गेली ती मुंबईहून बोटीनं, तांदूळ, लोणचं आणि स्वतःचं कफन बरोबर घेऊन. निघण्याआधी घरोघर जाऊन 'बोललंचाललं माफ करा' म्हणून आली होती, कारण परत येण्याची खात्री नसायची. १९९५नंतर त्या बोटी बंद झाल्या. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७६मध्ये हजला निघाली ती १५८२मध्ये परतली. आम्ही मुंबईहून पाच तासांत जेद्दाला उतरलो.



सई संपल्यावर त्या पहाटे फजरची नमाज पढून खोलीवर आलो. उमरा पुरा व्हायला केस कापायचे राहिले होते, बायकांनी बोटाच्या पेराएवढे. अम्मी पलंगाच्या कडेला बसली. मी तिची वेणी सोडली. शेंड्याकडं चारच पांढरे केस उरलेत. मी ते चिमटीत धरले.

"जास्त नको कापू," ती म्हणाली.