इन्स्टॉलेशनला माणूस नको

2024 चा जुलै. भोसरीत पाऊस नुसता कोसळत होता. आमच्या दोन सीएनसी लेथचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनांचा, कंटेनर आदल्या रात्रीच न्हावाशेव्याला आत गेला होता. ई-सील तपासून झालं, कस्टम्सचा एलईओ, म्हणजे निर्यातीची परवानगी, मिळाला, आता फक्त जहाजावर चढायचं बाकी. गेली 19 वर्षं मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. कंटेनर पोर्टात गेला की त्या दिवशीचा चहा मी जरा निवांत पिते.

अकराच्या सुमाराला पार्टीची मेल आली. पार्टी किरगिझस्तानची, बिश्केकमधली ट्रेडिंग कंपनी. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या, ड्राफ्टमध्ये दोन बदल हवे होते. माल उतरवायचं ठिकाण इराणच्या बंदर अब्बासऐवजी रशियाचं नोव्होरोसिस्क, आणि नोटिफाय पार्टी, म्हणजे माल पोचल्याची खबर जिला द्यायची ती, रशियातल्याच येकातेरिनबर्गची एक कंपनी. खाली एक ओळ: माल फक्त ट्रान्झिटमध्ये आहे, काळजी नसावी.

किरगिझस्तानला समुद्र नाही, तेव्हा माल दुसऱ्या कुणाच्या तरी बंदरातून जाणार हे धरलेलंच असतं. पण मी नकाशा उघडून बोट फिरवलं. येकातेरिनबर्ग राहिलं पार उत्तरेला, उरलमध्ये. पुण्याहून सोलापूरला निघालेल्या मालाला नाशिकचा हमाल ठरवावा, तशातली गत.

आमच्या मशिनचा एचएस कोड, म्हणजे जगभर मालाची वर्गवारी ओळखायचा क्रमांक, 8458.11. युक्रेन युद्धानंतर अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान यांनी मिळून 50 कोडांची एक यादी केली आहे: रशियाच्या शस्त्रनिर्मितीला ज्यांची सर्वांत जास्त गरज आहे, अशा वस्तूंची. सुरुवातीला त्यात चिप्स वगैरे होत्या. फेब्रुवारी 2024 मध्ये सीएनसी लेथ आत आले. कारण उघड आहे. तोफगोळ्याचं कवच म्हणजे शेवटी टर्निंगचाच जॉब. ज्या मशिनवर पंपाचा शाफ्ट निघतो, त्यावर तेही निघतं. चकमध्ये काय धरलंय ते मशिनला कळत नाही.

शेठना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या देशाचा कायदा मोडतोय का आपण?"

मोडत नव्हतो. भारत संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळतो, एखाद्या देशाने किंवा गटाने आपल्या मनाने लादलेले नाही. निर्यातीला परवाना लागणाऱ्या, नागरी आणि लष्करी दोन्हीकडे चालणाऱ्या मालाची आपली स्वतःची स्कोमेट यादी आहे, पण तिच्यात बसण्याइतकी आमच्या मशिनची अचूकताच नाही. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद, स्वच्छ होतं.

"आणि तेल?" शेठ पुढे म्हणाले. "बोटी भरभरून येतंय की तिकडून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. तेव्हा भोसरीतल्या कारखानदाराने दोन लेथसाठी घाम का गाळावा, हा प्रश्न मला गैर वाटत नाही. अडचण एकच होती. मशीन आमचं, पण त्याचा कंट्रोलर, म्हणजे मशिनचा मेंदू, युरोपातला. 20 मार्च 2024 पासून तिकडच्या निर्यातदारांना ठरावीक मालाच्या करारात 'रशियाला पुनर्निर्यात करणार नाही' असं कलम घालावंच लागतं. तो कागद एप्रिलमध्ये माझ्याच टेबलावरून सहीला गेला होता. मी तो वाचला होता आणि फाइलला लावला होता. बस्स.

तेवढ्यात सर्व्हिसचे काका आले, रेनकोट निथळत. त्यांना कुणीतरी खाली सांगितलं असणार. "ताई, ह्या पार्टीने इन्स्टॉलेशनला माणूस नको म्हणून कळवलं होतं. ट्रेनिंग नको, लेव्हलिंगसुद्धा आमचे आम्ही करू म्हणे. तीस वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नाही मी. लोक कमिशनिंग झाल्यावरही आठ दिवस सोडत नाहीत."

मला आठवलं, ती मेल आली तेव्हा मी खूश झाले होते. व्हिसाची एक फाइल कमी! पॅनेलवरच्या पाट्या रशियनमध्ये मागितल्या होत्या, त्यात काही वावगं नव्हतं, बिश्केकमध्ये रशियन चालतेच. पण ॲडव्हान्स आला होता दुबईच्या तिसऱ्याच खात्यातून. सुटी सुटी सगळी माहिती माझ्याकडेच होती. ती एकत्र मांडून बघायची वेळ मी येऊच दिली नव्हती.

दुरुस्त ड्राफ्ट मी बँकेच्या ट्रेड डेस्कला पाठवला. वीस मिनिटांत फोन. हे डॉक्युमेंट आम्ही हातात धरणार नाही, म्हणाले. डिसेंबर 2023 च्या अमेरिकी आदेशानंतर अशा व्यवहारात सापडणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाई होऊ शकते, आणि डॉलर तर न्यूयॉर्कमधूनच फिरतो. शेठनी फोन ठेवला आणि म्हणाले, "काढा परत." माझ्या शंकेने जे झालं नाही, ते बँकेच्या एका फोनने झालं.

पोर्टात गेलेला कंटेनर परत आणणं याला 'बॅक टू टाउन' म्हणतात. ऐकायला सहलीसारखं वाटतं. प्रत्यक्षात लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, पत्र, कस्टम्सला अर्ज, शिपिंग बिल रद्द, पोर्टाचं भाडं, आणि प्रत्येक ठिकाणी "का?" सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा, पोरगा फोनवर ओरडत होता, "मॅडम, सहाला लोडिंग लिस्ट फायनल होतेय!" लाइनचं पत्र पाच वाजून दहा मिनिटांनी आलं.

संध्याकाळी मोठे शेठ, म्हणजे शेठचे वडील, ऑफिसात डोकावले. त्यांनी तोशिबाची गोष्ट काढली. जपानी मिलिंग मशीन, नॉर्वेचा कंट्रोलर, माल सोव्हिएत पाणबुड्यांच्या पंख्यांसाठी. 1987 मध्ये उघडकीला आलं, तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेबाहेर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला होता. "आपला तर रेडिओपण नाही," म्हणाले आणि चहा मागवला.

कंटेनर अकरा दिवसांनी परत आला. दार उघडलं तर गंजरोधक तेलाचा तोच वास, लॅशिंगचे पट्टे तसेच ताठ. बिश्केकवाल्यांनी पुन्हा कधी मेल केली नाही. त्यांचा ॲडव्हान्स परत पाठवतानाच बँकेने दोन महिने खाल्ले.

दोन्ही लेथ पुढे शिरोलीच्या एका मशीन शॉपला थोड्या कमी भावाने गेले. काकांनी स्वतः जाऊन लेव्हलिंग केलं, पॅनेलवरच्या पाट्या बदलल्या. एक मागच्या बाजूची राहिली. महिन्याभराने तिथल्या ऑपरेटरने फोटो पाठवला, "मॅडम, टाकीवर हे काय लिहिलंय?"

मी काकांना विचारून कळवलं, "मास्लो. म्हणजे तेल."