तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट लुईसला एक दिवस द्यावा का?

मॉरिशसची तिकिटं काढली की ओळखीतले लोक मला हमखास विचारतात: आठवडाभराच्या सहलीतला एक दिवस राजधानीत घालवावा का? टूरवाले तर बसमधून उतरवतात, वॉटरफ्रंटच्या दुकानांत सोडतात आणि पुन्हा किनाऱ्यावर नेतात. मी म्हणतो, दिवस जरूर द्या, पण सोमवार ते शुक्रवारमधला द्या. आणि सुरुवात दुकानांपासून करू नका.

वार का सांगतो? या शहरात काम करणारे पुष्कळ लोक इथे राहत नाहीत. १८६७ च्या सुमाराला हिवतापाच्या साथीत पोर्ट लुईसमध्ये माणसं अक्षरशः हजारोंनी मेली. ज्यांना जमलं ते वरच्या थंड पठारावर, क्युरपिपकडे, राहायला गेले. आजही सकाळी माणसं कामाला खाली उतरतात आणि संध्याकाळी वर परततात. भारताच्या मदतीने बांधलेली मेट्रो २०२० पासून त्याच वाटेने धावते. शनिवारी दुपारनंतर शटरं पडू लागतात. रविवारी शहर पाहिलंत, तर पाहिलं असं मी म्हणणार नाही. शिवाय आग्नेयेकडून येणारा वारा मागच्या डोंगरांनी अडतो, त्यामुळे बेटावरच्या इतर गावांपेक्षा इथे जास्त उकडतं. सकाळी लवकर पोहोचा. महत्त्वाचं सगळं पायी फिरता येतं.

सुरुवात आप्रवासी घाटापासून करा, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे उतरवून घेत त्या डेपोपासून. बंदराला लागून काळ्या दगडाच्या काही इमारती आणि थोड्या पायऱ्या, एवढंच तिथे उरलं आहे. जागतिक वारसा म्हणून २००६ मध्ये नोंदलेली जागा जेमतेम १,६४० चौरस मीटर भरते. मूळ डेपो बराच मोठा होता. काळाच्या ओघात त्याचा बराचसा भाग गेला, काही तर महामार्गाखाली. १८३४ ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर या बंदरात उतरले. पाच वर्षांचं कंत्राट, महिन्याला पाच रुपये मजुरी, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा उसाच्या मळ्यांवरचा कारभार होता. डेपोत नोंदणी व्हायची, क्रमांक मिळायचा आणि दोनेक दिवसांत माणूस मळ्यावर रवाना व्हायचा.

घाटाच्या अगदी जवळ जुनं लष्करी रुग्णालय आहे. फ्रेंच अमलात, अठराव्या शतकात, ते गुलामांच्या हातून बांधून घेतलं गेलं. आता तिथे गुलामगिरीचं संग्रहालय आहे. या दोन जागा एकापाठोपाठ एक बघाव्यात, असा माझा आग्रह असतो. ‘ॲटलास’ जहाज कोलकात्याहून ३६ मजूर घेऊन २ नोव्हेंबर १८३४ ला इथे लागलं आणि १ फेब्रुवारी १८३५ ला बेटावरची गुलामी कायद्याने संपली. मधे तीन महिने. मळेवाल्यांनी पुढची सोय आधीच करून ठेवली होती, हे तिथे उभं राहिल्यावर जसं कळतं तसं पुस्तक वाचून मला कळलं नव्हतं.

आपल्याकडच्या लोकांना मी हे जास्त तळमळीने सांगतो, कारण या मजुरांत मुंबई बंदरातून आलेले कोकणातले आणि देशावरचे लोकही होते. बिहारकडच्या आणि तमिळ मजुरांच्या मानाने थोडे, पण त्यांच्या वंशजांनी स्वतःला आजही मराठीच म्हणवून घेतलं आहे. घरात बहुतेकांची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली भाषा, आहे, तरी शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. तुमच्या घरात कुणी पूर्वज ‘मिरिच देशाला’, म्हणजे मॉरिशसला, गेल्याची आठवण असेल, तर शहराबाहेर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत, पुष्कळांची छायाचित्रंही आहेत. आधी पत्रव्यवहार करा, नाव आणि गाव जितकं नेमकं देता येईल तितकं द्या.

घाटापासून मध्यवर्ती बाजार काही मिनिटांवर आहे. तिथे भूक लागलेली असू द्या. डाळपुरी घ्या. ती जोडीनेच मिळते. पुरणपोळीतला गूळ काढून टाकावा तशी डाळ भरलेली मऊ पोळी, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा मसालेदार रस्सा, ज्याला तिथे रुगाय म्हणतात, आणि मिरची. मिरची किती ते विक्रेता विचारतो, पहिल्या खेपेला कमी सांगा. ज्या मळ्यांवर माणसाला क्रमांकाने हाक मारत, तिथल्याच चुलीवरचा पदार्थ आज चिनी, आफ्रिकी, मुसलमान, फ्रेंच वंशाचा, कुणीही रस्त्यात उभा राहून खातो. मला या देशाची याहून मोठी कमाई दिसत नाही. वर सब्जा घातलेलं थंड दूध, आलुदा, प्या.

दुपारी, नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचा सांगाडा पाहायला नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जा, आत सावलीही आहे. मॉरिशसची १८४७ ची प्रसिद्ध टपाल तिकिटं वॉटरफ्रंटवरच्या संग्रहालयात आहेत, रंग उडू नये म्हणून त्यांच्यावरचा दिवा ठराविक वेळीच लावतात. वेळ कमी असेल तर ती सोडा, पण ॲडलेडचा किल्ला सोडू नका. चढ छोटा आहे. वरून बंदर, चायनाटाउन, जामा मशीद आणि शाँ द मार्सचं मैदान एका नजरेत येतं. त्या मैदानावर १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती होतात आणि १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा तिथेच चढला.

चार वाजायच्या आत खाली उतरा. नंतर मेट्रोला आणि बसला घरी जाणाऱ्यांची गर्दी उसळते. उभं राहून जायची तयारी असेल, तर त्याच गर्दीत शिरून क्युरपिपपर्यंत जा.