तो ‘हो’ कुठून आला?

ठाणे, गुरुवार, रात्री पावणेबारा

संध्याकाळी दादा माझ्या गिटारच्या अँप्लिफायरबद्दल सहज विचारून गेला, “आवाज खुलला ना शेवटी?” मी “हो” म्हणालो, आणि तेव्हापासून तो ‘हो’ मला छळतो आहे, कारण तो खोटा नव्हता.

वागळे इस्टेटमधून त्याचा नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधले तारेचे वेटोळे, गुंडाळून आणला, त्याला महिना झाला. जुना माझ्याच हातून गेला. स्पीकरची वायर जोडायची राहिली आणि तसाच वाजवत बसलो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरला हे सोसत नाही, ठाऊक असूनही. बाबांना अजून सांगितलेले नाही. पहिल्या रात्री नव्याचा आवाज इतका कोरडा, टोचरा लागला की गिटार बाजूला ठेवून बराच वेळ अंधारात बसलो होतो. दादा म्हणाला, तंबोऱ्यासारखा हाही वाजता वाजता बोलू लागेल.

पण तंबोऱ्याला लाकूड असते, भोपळा असतो. इथे बदलणार काय? सिलिकॉन पोलादाच्या पातळ पट्ट्या, एनॅमल चढवलेली तांब्याची तार, थरांमध्ये कागद, वरून वॉर्निश. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ३० अंशांनी तापलेले वेटोळे जवळपास १२ टक्के जास्त रोध दाखवते. मात्र निवले की ते पुन्हा होते तिथेच येते, काल किती वाजवले याची नोंद ठेवत नाही. नव्या स्पीकरचा कोन वापराने सैल पडतो हे खरे, पण माझा स्पीकर जुनाच आहे आणि व्हॉल्व्हही तेच आहेत.

मग विजेवर संशय आला. आज आठ वाजता मल्टीमीटरने २१८ व्होल्ट दाखवले, साडेअकराला २३६. दाब उतरला की आतले सगळेच व्होल्टेज उतरते आणि आवाज लवकर फाटून मऊ होतो. दादा येतो आठला, पहिल्या रात्री मी वाजवले होते साडेअकरानंतर. सुटले कोडे, असे वाटून मला चक्क हुशारी चढली.

आत्ता मीटरवर २३६ आहेत. आवाज पहिल्या रात्रीइतकाच टोचायला हवा होता, पण तो मला गोड लागतो आहे. म्हणजे महिनाभर वाजवून खुलले ते माझे कान, आणि पोलाद बिचारे होते तसेच आहे. दादाला यातले काही सांगणार नाही. तो जिंकल्यासारखा हसेल.

शेजारच्या काकूंनी भिंतीवर दोनदा ठोकले आहे. त्यांच्या कानांना महिन्याभरात काडीचा फरक पडलेला दिसत नाही.