नाकाची सावली

पोर्ट्रेट म्हटलं की सगळे डोळ्यांविषयी बोलतात. नजर बोलकी हवी, डोळ्यांत चमक हवी, वगैरे. स्टुडिओ लायटिंग शिकायला लागल्यावर मात्र कळतं की सगळा कारभार नाकाच्या हातात आहे.

लाइट चेहऱ्याच्या अगदी समोर आणि उंचावर असेल, तर नाकाखाली फुलपाखरासारखी इवलीशी सावली पडते. म्हणून ते बटरफ्लाय. 1930च्या दशकात हॉलिवूडच्या नट्यांची गालफडं याच प्रकाशात उठून दिसायची. स्टँड जरा बाजूला सरकवा, सावली तिरकी होऊन गालाकडे झुकते, ते लूप. आणखी सरकवला की ती गालावरच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण तेवढा उरतो. हे रेम्ब्रँट लायटिंग. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको, असा दंडक आहे. सतराव्या शतकातल्या त्या चित्रकाराने तो मोजून काढला असेल असं मला वाटत नाही, पण विद्यार्थी मोजतात.

मोजेपर्यंत समोरचा मित्र कंटाळून मान वळवतो, आणि त्रिकोण गायब! मग सराव थर्माकोलच्या डोक्यावर. ते तासन्‌तास हलत नाही, हे खरं. पण त्याच्या कोऱ्या डोळ्यांत सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे लाइटपुढे पांढरं कापड ताणलेल्या डब्याचं, प्रतिबिंब दिसत नाही, त्यामुळे निम्मा धडा राहूनच जातो. शेवटी मित्रालाच चहाच्या बोलीवर परत बसवावं लागतं.

एवढं जमलं की अंतराची भानगड सुरू होते. लाइट दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावर उजेड निम्मा नव्हे, चौथाई पोचतो. कॅमेऱ्याच्या हिशोबात पूर्ण दोन स्टॉप कमी, कारण एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. पुस्तकात हे सूत्र एका ओळीत संपतं. स्टुडिओत त्याची गंमत भिंतीवर दिसते. सॉफ्टबॉक्स गालाच्या अगदी जवळ आणला आणि चेहऱ्याचं एक्स्पोजर पुन्हा जुळवलं, की मागची पांढरी भिंत आपोआप राखाडी होते. रंगाचा डबा नाही, दुसरा पडदा नाही! शिवाय जवळ आलेला तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने मोठा ठरतो आणि सावल्यांच्या कडा मऊ होतात. लांब नेला, तर तोच डबा टोकदार सावल्या पाडतो. म्हणून नवा मॉडिफायर, म्हणजे उजेडाचा पोत बदलणारं सॉफ्टबॉक्ससारखं साधन, मागण्याआधी स्टँड हातभर पुढे घेऊन बघावा, असं माझं ठाम मत आहे. मागणाऱ्यांना ते फारसं आवडत नाही.

सावल्या उजळवणारा फिल, केसांवर पडणारा हेअर लाइट वगैरे पुढचं. घाई करून चारही लाइट एकदम लावले, तर नाकाला दोन-दोन सावल्या फुटतात आणि कोणती कुणाची ते शोधताना नाकी नऊ येतात. तेव्हा सगळे बंद करायचे आणि एकेक पेटवत जायचं.

चष्मेवाले समोर बसले की पुन्हा वेगळंच. काचेत पांढरा चौकोन चमकतो. लाइट वर उचलायचा, नाहीतर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलून काचा खाली झुकवायच्या. फोटोत ते कळत नाही. बसणाऱ्याला मात्र कळतं, आणि चष्मा घसरू नये म्हणून तो नाक फुगवून बसतो.